गरम झाल्यावरच मिसिंग मारणारी गाडी

राजाराम पुलाच्या चौकात सिग्नलला उभी होते आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. चौघांनी खांद्यावर घेतलेल्या पालखीच्या एका भोयाने मधूनच खांदा काढून घ्यावा, तशी गाडी एका बाजूने बसत होती आणि सावरत होती. मागच्या सीटवर आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी दाराच्या वरची मूठ घट्ट धरली आणि आरशातून माझ्याकडे बघितलं. त्यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कोथरूडला. धायरीहून निघायचं, त्यांना तिथे सोडायचं आणि कर्वेनगरला शाळेत जायचं, असा माझा क्रम. नवऱ्याची चाकणला शिफ्ट, त्यामुळे गाडी माझ्याच हातात. गाडी वाटेत बंद पडली तर काय, हा विचार तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आला आणि पुढचे चार महिने गेला नाही.

सिग्नल सुटला, थोडी रेस दिली आणि सगळं सुरळीत. जणू काही झालंच नव्हतं.

गाडी २०१४ ची, पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर. २०२३ च्या दिवाळीनंतर जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या एकाकडून घेतली. मीटरवर ७१ हजार किलोमीटर, आरसीवर इंधन पेट्रोल, बाहेरून स्वच्छ. घेण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला नेऊन दाखवली होती. त्याने सकाळी थंड इंजिन सुरू करून ऐकलं, ऑईलची पट्टी ओढून बघितली, क्लच बघितला, सोसायटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "घ्या ताई, गाडी चांगली आहे." तो खोटं बोलला नाही. थंड असताना ती चांगलीच होती.

जानेवारीत मिसिंग, म्हणजे इंजिनाचा एखादा ठोका चुकणं, सुरू झालं तेव्हा त्याच्याचकडे गेले. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, साफ केली. वीस-एक दिवस गाडी नीट चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी दोन नंबरच्या सिलिंडरची इग्निशन कॉईल, म्हणजे प्लगला वीज देणारा भाग, बदलली. पुन्हा तीन आठवडे बरे गेले. तिसऱ्या वेळी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले आणि पेट्रोलमध्ये टाकायची एक बाटली दिली. तोवर खर्च ११,४०० रुपये झाला होता आणि दर वेळी "झालं ताई, आता नाही येणार" हे वाक्य ऐकून मी घरी आले होते.

हे मधले बरे दिवस फार फसवे असतात. दुरुस्ती लागू पडली असंच वाटतं. आज मला त्याचं कारण कळतं. नवा प्लग जरा जोरकस ठिणगी देतो, साफ थ्रॉटलमुळे आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, थोडं वर येतं, बॅटरीची तार काढल्यामुळे इंजिनच्या कॉम्प्युटरने शिकलेलं सगळं पुसलं जातं. यांतल्या प्रत्येक गोष्टीने दुखणं थोडं झाकलं जातं, मूळ तसंच राहतं. आम्ही मात्र आजार हटला असं समजून पुढच्या सुट्या भागाकडे वळत होतो.

मार्चमध्ये एकदा पिवळा चेक इंजिन दिवा नुसता लागला नाही, तर लुकलुकायला लागला. लागलेला दिवा म्हणजे "वेळ काढून दाखवा", लुकलुकणारा दिवा म्हणजे "आत्ताच थांबा" असं गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल तसंच पुढे सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे पेटतं आणि तो महागडा भाग वितळवू शकतं. त्याच महिन्यात पीयूसीवाल्याने नळी लावली तर हायड्रोकार्बन ३८० पीपीएम दाखवलं. भारत स्टेज ४ या प्रदूषण-नियमातल्या पेट्रोल गाडीला मर्यादा २०० ची. न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतंय याचा तो कागदावरचा पुरावाच होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा आणि जे दिसेल ते लिहून ठेवा, असं नववीच्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र तीन महिने अंदाजावर पैसे मोजले. त्या दिवशी ठरवलं की आता मोजल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही.

ब्लूटूथवर चालणारं स्कॅनरचं एक छोटं यंत्र हजार रुपयांच्या आत मिळतं. स्टिअरिंगच्या खाली सोळा टाचण्यांचं सॉकेट असतं, त्यात ते खोचायचं आणि मोबाईलवर वाचायचं. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवणं, सक्तीचं झालं, म्हणून माझ्या गाडीत कुठल्या सिलिंडरने किती वेळा ठोका चुकवला तेही दिसत होतं. कॉम्प्युटरला हे कसं कळतं, तेही सांगण्यासारखं आहे. क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावर, एक सेन्सर असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर पेटतो आणि शाफ्टला धक्का देतो. एखादा पेटला नाही की त्या अर्ध्या फेऱ्यात शाफ्टचा वेग किंचित पडतो. कुठे पडला त्यावरून सिलिंडरचा नंबर कळतो. कोड आला पी०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा. म्हणजे दोन नंबर.

एक दोनशे पानी वही केली. तारीख, ठिकाण, कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान, सुरू करून किती मिनिटं झाली, एसी चालू की बंद, किती ठोके चुकले. पाच आठवड्यांत सतरा नोंदी झाल्या. आई मागे बसून आकडे विचारायच्या, "आज किती चुकले गं?" रक्तदाबाच्या आकड्यांची त्यांना सवय, त्यामुळे हेही त्यांना आपलंच वाटायला लागलं.

नोंदी एका खाली एक लिहिल्यावर जे दिसलं ते तिन्ही दुरुस्त्यांत कुणी विचारलंच नव्हतं. सतराही वेळा सिलिंडर दोन. सतराही वेळा कूलंट ८८ अंशांच्या वर. पहिल्या पंधरा मिनिटांत एकदाही नाही. चालत्या गाडीत नाही, उभ्या गाडीत. धायरी फाट्याहून निघाल्यावर नाही, संतोष हॉलच्या गर्दीत पाच मिनिटं उभं राहिल्यावर हमखास. एसी लावला की कॉम्प्युटर आयडलिंग थोडं वाढवतो, तेव्हा ठोके कमी चुकायचे.

मग अदलाबदल. दोन नंबरची कॉईल चारला लावली, चारची दोनला. पुढच्या शुक्रवारी कोड आला तो पुन्हा पी०३०२. कॉईल दोषी असती तर कोड चारकडे गेला असता. मग दोनचा प्लग एकला. पुन्हा दोनच. इंजेक्टरची अदलाबदल मला जमण्यासारखी नव्हती. पेट्रोलची रेल उतरवावी लागते आणि दाबातल्या पेट्रोलशी घरी खेळू नये. ती गॅरेजमध्ये ६०० रुपये देऊन करून घेतली. तरीही दोनच. म्हणजे ठिणगी ठीक, इंधन ठीक. उरली हवा आणि दाब.

इथे मी एक चुकीची वाट धरली, पण त्या वाटेवरच खरी खूण सापडली.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम नावाचा एक आकडा दिसतो. पेट्रोल कमी पडतंय असं वाटलं की कॉम्प्युटर किती टक्के जास्त सोडतोय, ते त्यात कळतं. माझ्या गाडीत आयडलिंगला तो अधिक १४ होता, अडीच हजार आरपीएमला फक्त अधिक २. कुठेतरी सांध्यातल्या गॅस्केटमधून चोरून हवा आत शिरत असेल तर आकडे असेच येतात. मला खात्रीच वाटली. शनिवारी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. बरेच जण यासाठी कार्ब क्लीनर फवारतात, पण तो गरम इंजिनावर पेट घेऊ शकतो. मी कुंड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली आणि इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, सांध्यांवर बारीक फवारा मारत गेले. जिथून हवा शिरत असेल तिथे पाणी बसलं की क्षणभर आवाज बदलतो. कुठेच बदलला नाही. नंतर कळलं की तो आकडाच फसवा होता. जो ठोका पेटत नाही त्याची हवा न वापरता बाहेर पडते, ऑक्सिजन सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि पेट्रोल कमी आहे असा त्याचा समज होतो. मिसिंगमुळे आकडा वाढला होता, मी उलटं धरून बसले होते.

पण टॉर्च मारून सांधे बघताना मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांवर, एकाच उंचीवर, एकेक छोटा बोल्ट दिसला. भोवती करडं सीलंट, बोटाने फासल्यासारखं. कंपनीचं काम असं नसतं. चार नळ्या, चार भोकं, चार बोल्ट.

शेजारच्या विंगमध्ये एकांची सीएनजी किट बसवलेली गाडी आहे. त्यांना विनंती करून बॉनेट उघडायला लावलं. त्यांच्या गाडीत बरोबर त्याच जागी चार बारीक रबरी नळ्या आत गेलेल्या. परत येऊन मी डिकीचं कार्पेट उचललं. पत्र्याला चार भोकं, वॉशर लावून बुजवलेली, आणि एक रुपयाच्या नाण्याएवढं एक भोक, त्यात काळी रबरी बुच. चार भोकं टाकीच्या स्टँडची, पाचवं गॅसच्या नळीचं.

गाडी कधीतरी सीएनजीवर चालली होती. किती किलोमीटर, किती वर्षं, ते कळायला मार्ग नाही. किट बसवलं की आरटीओत आरसीवर तशी नोंद करावी लागते; माझ्या आरसीवर फक्त पेट्रोल. ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोन केला, ते म्हणाले, "माझ्याकडे आली तेव्हा अशीच होती." मला खरंच वाईट वाटलं. पैशांपेक्षा जास्त याचं की मी आरसी, विमा, टायरची तारीख असलं सगळं तपासलं आणि दहा सेकंद लागणारं कार्पेट उचलून बघितलं नाही.

सीएनजी वाईट असं मला म्हणायचं नाही. कंपनीतूनच सीएनजीवर येणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपा, आणि त्यांच्या बैठकी, म्हणजे सीट, जास्त कणखर धातूच्या असतात. पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात बाहेरून किट लावलं तर त्या सीट हळूहळू झिजण्याची शक्यता वाढते. वायू कोरडा जळतो, पेट्रोलच्या फवाऱ्याने मिळतो तेवढा थंडावा आणि ओलावा त्याने मिळत नाही. सीट झिजली की व्हॉल्व्ह बसताना आणखी वर, त्याला ढकलून उघडणाऱ्या कॅमच्या दिशेने सरकतो. कॅम आणि व्हॉल्व्हमध्ये मुद्दाम ठेवलेली फट, जिला गॅरेजमध्ये टॅपेट क्लिअरन्स म्हणतात, ती कमी होत जाते. सैल टॅपेट टकटक वाजतं आणि माणूस गॅरेज गाठतो. घट्ट झालेलं टॅपेट आवाज करत नाही. इंजिन उलट जास्त शांत वाटतं.

मी पहिल्या मेकॅनिकला म्हटलं, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते, ते बघू या. त्याने सकाळी गाडी ठेवून घेतली, दुपारी आकडे सांगितले. १७२, १६०, १७४, १७०. दाबाच्या पीएसआय या एककात. "दोन नंबर थोडा कमी आहे, पण दहा टक्क्यांच्या आत आहे. ओके आहे." मी विचारलं, गरम करून बघितलंत का? तो म्हणाला, गरम हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, प्लग काढले तर आटे जातात. त्याचंही खोटं नव्हतं, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तशी भीती असते. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये विचारलं तर न बघताच उत्तर आलं, हेड उतरवावं लागेल, पस्तीस हजार धरून चाला.

सोसायटीच्या गेटवर उभ्या राहणाऱ्या एका रिक्षावाल्या दादांनी पर्वतीच्या पायथ्याजवळच्या गल्लीतल्या एका जुन्या फिटरचं गॅरेज सांगितलं. साठी ओलांडलेले काका, हाताखाली एक पोरगा, भिंतीवर पाने आकाराने ओळीत टांगलेले. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून सगळी पानं उलटली. एवढं शांतपणे माझं म्हणणं तोवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

"गरम झाल्यावर मारते ना? मग गरमच बघू," ते म्हणाले. "चला, बसा. कात्रजला जाऊन येऊ."

स्वारगेट, सातारा रोड, कात्रजचा जुना घाट बोगद्यापर्यंत, आणि परत. पाऊण तास. एप्रिलची दुपार, एसी बंद. परत येऊन गॅरेजपुढे उभी केली आणि तिसऱ्या मिनिटाला पालखीचा तो भोई पुन्हा खांदा काढायला लागला. काकांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि नुसती मान हलवली.

इंजिन बंद करून चार-पाच मिनिटं थांबले. हवेच्या पाईपने प्लगच्या खोबणीतली धूळ उडवली. मग गोटी पाना लावून अर्धा आटा सैल, पाव आटा परत, पुन्हा अर्धा, असं करत करत एकेक प्लग काढला. घाई अजिबात नाही. कॉईलचे आणि इंजेक्टरचे सॉकेट काढून बाजूला बांधले, दोन नंबरच्या भोकात गेजची नळी हाताने फिरवून बसवली. "ताई, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि मी सांगेपर्यंत सेल्फ मारा." पूर्ण दाबायचा, कारण थ्रॉटल बंद असेल तर हवाच आत जात नाही आणि आकडा उगाच कमी येतो.

सेल्फ मारला. फेऱ्या-फेऱ्याने काटा उड्या घेत चढला आणि थांबला. ११२.

बाकीचे आले १६८, १६५, १७०. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या पुढे, त्यामुळे समुद्रसपाटीपेक्षा आकडे थोडे कमीच येतात, तेवढं सोडलं तर हे तिन्ही उत्तम. दोन नंबर पुन्हा घेतला. ११०. सकाळी थंड असताना १६० देणारा सिलिंडर गरम झाल्यावर पन्नास पीएसआयने खाली आला होता. चार महिन्यांचं दुखणं त्या एका काट्यावर दिसत होतं.

काकांनी प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडलं आणि पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंग झिजल्या असतील तर ऑईल फट भरून काढतं आणि आकडा चांगलाच वर जातो. आला ११६. "रिंग नाही. व्हॉल्व्ह."

कुठला व्हॉल्व्ह, ते शोधायची रीत मला सगळ्यांत आवडली. प्लगच्या भोकात एक लांब प्लॅस्टिकची नळकांडी ठेवली, गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून पोराने हळूहळू ढकलली. पिस्टन वर येईल तशी नळकांडी वर आली. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात अशा जागी ती थांबवली, हँडब्रेक ओढला आणि कॉम्प्रेसरची हवा थेट सिलिंडरमध्ये सोडली. बंद सिलिंडरमध्ये हवा कोंडली पाहिजे. ती निसटत असेल तर कुठून, ते कानाने ऐकायचं. थ्रॉटलमधून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑईलच्या झाकणातून आला तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

"मागे जा, सायलेन्सरला कान लावा," काका म्हणाले.

मी रस्त्यावर गुडघे टेकून बसले. कुकरची शिटी पडायच्या आधी जो बारीक सुस्स आवाज येतो ना, तो. एकसारखा, न थांबणारा. धूर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. मला खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस "काहीतरी आहे" होतं, आता त्याला जागा मिळाली होती.

गाडी रात्री तिथेच ठेवली. सकाळी आठला, इंजिन पूर्ण थंड असताना, तीच हवा पुन्हा सोडली. सायलेन्सरमध्ये जेमतेम ऐकू येईल इतकंच. थंड असताना व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्ण बसतो, गरम झाल्यावर त्याची दांडी लांबते आणि कॅम त्याला किंचित उघडाच धरून ठेवतो. आयडलिंगला ते जास्त जाणवतं, कारण तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रणच थोडं असतं आणि फेरा हळू असल्यामुळे निसटायला वेळ भरपूर मिळतो. रेस दिली की निसटायला वेळच उरत नाही. वहीतल्या सतराही नोंदी त्या एका वाक्यात बसल्या.

टॅपेट कव्हर उघडलं. फीलर गेज म्हणजे पोलादी पात्यांचा पंखा, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. या इंजिनाला थंड असताना इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलीमीटर फट हवी. इनटेकच्या आठही ०.१७ ते ०.२०, म्हणजे चालण्यासारख्या. एक्झॉस्टच्या सगळ्याच घट्ट, ०.१४ ते ०.२१. आणि दोन नंबरच्या एका व्हॉल्व्हवर ०.०५ चं सगळ्यांत पातळ पातंसुद्धा आत शिरेना. काकांनी जोर लावला नाही. पातं माझ्या हातात दिलं, "तुम्ही बघा." मीही बघितलं. नाही शिरलं.

या इंजिनात स्क्रू फिरवून टॅपेट सेट होत नाही. कॅमखाली प्रत्येक व्हॉल्व्हवर एक पोलादी वाटी बसते, तिच्या तळाच्या जाडीवर फट ठरते. फट वाढवायची तर कॅम उतरवून पातळ वाटी टाकायची. टायमिंग चेन आणि चाकावर काकांनी पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले, मग कॅम उतरवला. प्रत्येक वाटीची जाडी मायक्रोमीटरने मोजायचं काम पोराचं, हिशेब लिहायचं माझं. जुनी जाडी, अधिक आत्ताची फट, वजा हवी असलेली फट. एक नंबरची वाटी ३.१८, फट ०.१९, हवी ०.३०, म्हणजे नवी वाटी ३.०७. दोन नंबरच्या त्या व्हॉल्व्हची फट मोजताच आली नव्हती. काकांकडे पार्ले बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात वेगवेगळ्या जाडीच्या वापरलेल्या वाट्या होत्या. त्यातली ३.०० ची टाकून कॅम परत बसवला, मोजलं, ०.३३ आली. जुनी वाटी ३.३० ची होती. म्हणजे मूळ फट ०.०३ उरली होती. पाव मिलीमीटरपेक्षा थोडी जास्त झीज, वहीच्या तीन पानांएवढी.

नाना पेठेत जाऊन वाट्या मीच आणल्या. दोन दुकानांत मिळून आठही जमल्या, दोन नंबरसाठी ३.०२ ची. परत जाताना आईंना फोन केला तर पहिला प्रश्न, "सापडलं का?" तो शुक्रवार, त्या दिवशी त्यांना रिक्षाने जावं लागलं होतं.

हेड उतरवायचं का, हा प्रश्न उरला होता. व्हॉल्व्ह बराच काळ अर्धवट उघडा राहिला तर तो जळतो, कारण त्याची बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावरच बाहेर जाते. काकांनी कॅम उतरलेला असतानाच हवा सोडून बघितली होती. कॅम नसला की स्प्रिंग व्हॉल्व्हला पूर्ण दाबून बसवते. आवाज नव्हता. "जळलेला नाही. पस्तीस हजार वाचले तुमचे." वाट्या, कव्हरची गॅस्केट, ऑईल आणि दोन दिवसांची मजुरी धरून ६,९०० रुपये झाले.

सगळं बसवून पुन्हा कात्रज, पुन्हा गरम, पुन्हा तेच चार प्लग सावकाश बाहेर. १६८, १५८, १६७, १७०. दोन नंबर दहाने कमी राहिला आहे आणि तो बहुधा राहणारच. सीट झिजली ती झिजली. काकांनी मला ते आधीच सांगून ठेवल्याचं समाधान वाटलं. फ्युएल ट्रिम अधिक १४ वरून अधिक ३ वर आला. पीयूसीवाल्याकडे पुन्हा नळी लावली, हायड्रोकार्बन ४६.

पुढच्या मंगळवारी राजाराम पुलाच्या चौकात दोन सिग्नल हुकले. नऊ मिनिटं उभी होते, कूलंट ९४, एसी बंद. मोबाईलवर चुकलेले ठोके शून्य. आईंनी मूठ धरलेली होतीच, सवयीने. मग त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "लिहून ठेव."

काकांनी सांगितलं होतं की दहा हजार किलोमीटरला एकदा फट बघून घ्या, झीज चालू आहे की थांबली ते कळेल. या एप्रिलमध्ये, मीटरवर ८६ हजार असताना, रात्रभर गाडी त्यांच्याकडे ठेवली आणि सकाळी गेले. कव्हर उघडलेलंच होतं. त्यांनी फीलर गेज माझ्याकडे दिलं. दोन नंबरच्या त्या वाटीवर ०.३० चं पातं लावलं. जोर न लावता, पण थोडं अडत, बंद वहीच्या पानांतून पट्टी ओढावी तसं ते आत सरकलं.